हेड २ ओव्हर टेम्परेचर, काळ्यात नोझल गायब: हेड खरंच गेलंय का?

बेडवाला
नमस्कार मंडळी. यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर आहे, म्हणजे सपाट बेडवरच्या शीटवर छापून लॅम्पच्या यूव्ही उजेडाने शाई पक्की करणारा. आतून गरम होणारी इंडस्ट्रियल हेड (शाईचे थेंब उडवणारे भाग). हेड १ ला सायन-मॅजेंटा, हेड २ ला पिवळा-काळा, हेड ३ पूर्ण पांढरं. मशीन जुनं, पण रोजच्या कामात कधी कुरकुर नव्हती. हल्ली काम अर्ध्यावर आलं की स्क्रीनवर 'हेड २ ओव्हर टेम्परेचर' झळकतं, कॅरेज (हेड वाहून नेणारा भाग) पार्किंगला जातं आणि बेडवरची शीट भंगारात. रिसेट केलं की थोडा वेळ चालतं, मग परत तेच.

सोबत नोझल चेकही (प्रत्येक नोझल, म्हणजे शाईचं छिद्र, चालतं का ते दाखवणारी छापील पट्टी) बिघडलाय. काळ्यात गॅप पडतात. पर्ज मारला (दाबाने शाई नोझलमधून ढकलली) की पट्टी भरून येते, थोडं काम नीट निघतं, मग पुन्हा विरळ. पिवळा तुटत नाही, पण फिका पडलाय आणि सॉलिडमध्ये (सलग भरलेल्या रंगात) दाणेदार दिसतो.

सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निकाल दिला: हेड गेलं, नवीन मागवा. मशीन डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. मागवण्याआधी काय काय तपासू? हेड बदलूनही एरर तसाच राहिला तर नवं हेडही पणाला लागेल, धास्ती त्याची आहे.

नोझलपुराण
तीन गोष्टी सांगा. गॅप दर वेळी त्याच जागी पडतात की जागा बदलतात? काळ्याची अख्खी रांग जाते की सुट्या सुट्या नोझल जातात? आणि सकाळी थंड मशीन चालू केल्या केल्या हेड २ चं तापमान किती दाखवतं? कामाच्या मध्ये नाही, अगदी चालू केल्याक्षणी.

रोलटूरोल
आमच्याकडे हुबेहूब असंच झालं होतं, हेडच गेलं होतं. वेळ घालवू नका. फार तर काढून अल्ट्रासॉनिकमध्ये (कंपनांनी धुणाऱ्या यंत्रात) टाका. उघडलं तर उघडलं.

कॅपिंगस्टेशन
रोलटूरोल, अल्ट्रासॉनिकचा सल्ला इतका सहज नका हो देऊ. हेडच्या आत पिझोचे (व्होल्टेज दिलं की हलून थेंब उडवणारे) थर चिकटवलेले असतात. त्या कंपनांनी नोझलमधली घाण निघायच्या आधी चिकटवलेला जोडच सुटू शकतो. हेड हातचं जाणारच आहे असं पक्कं झाल्यावर करायचा तो प्रकार. तोही नोझल प्लेट जेमतेम टेकेल इतक्याच लिक्विडमध्ये, हेड आतून फ्लशने (धुण्याच्या द्रवाने) भरलेलं, काही सेकंद आणि थांबत थांबत. कनेक्टरकडची बाजू भिजली की संपलं.

शिवाय इथे ते लागूच पडत नाही. बेडवाला म्हणताहेत की पर्जने पट्टी भरून येते. क्युअर झालेल्या (यूव्हीने कडक झालेल्या) शाईने चोंदलेली नोझल पर्जने उघडून थोड्या वेळाने आपणहून बंद होत नाही. येणारी-जाणारी नोझल म्हणजे शाई पोचत नाहीये किंवा मध्ये हवा शिरतेय.

बेडवाला
नोझलपुराण, गॅपच्या जागा बदलतात. दोन पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या, एकही गॅप जुळत नाही. अख्खी रांग जात नाही, चार-पाच नोझलचे झुबके जातात.

तापमानाचं मात्र डोकं चक्रावलं. मशीन रात्रभर बंद होतं. चालू केल्याक्षणी हेड १ वर २७ अंश, हेड ३ वर २७, आणि हेड २ वर ५४! तिन्ही हेडच्या धातूला बाजूने बोट लावून पाहिलं, तिन्ही सारखीच गार. सेटिंग ४५ चं आहे, ६० ला एरर येतो.

वेव्हफॉर्म
मग सोपं आहे. हेड १ आणि हेड २ च्या केबल हेडबोर्डवर (हेड चालवणाऱ्या सर्किट बोर्डवर) एकमेकींच्या जागी लावा. एरर हेड १ च्या नावावर गेला तर दोष हेड किंवा केबलमध्ये, हेड २ वरच राहिला तर बोर्डात. पाच मिनिटांचं काम.

कॅपिंगस्टेशन
थांबा, थांबा. बेडवाला, हे इतक्यात करू नका.

अदलाबदल सगळे करतात, बहुतेक वेळा निभावूनही जातं. पण हेड किंवा केबलमध्ये शॉर्ट असेल तर ते चांगल्या पोर्टला जोडल्यावर तिथला ड्रायव्हरही उडतो. उलट बोर्डाचा ड्रायव्हर बिघडून पिझोला सतत व्होल्टेज देत असेल, तर त्याच्यावर लावलेलं चांगलं हेड जातं. म्हणजे एका बिघाडाचे दोन होतात, आणि दुसरा आपल्या हातून. आधी मीटर, मग डोळे, अदलाबदल सगळ्यात शेवटी.

वेव्हफॉर्म
मान्य. पण मीटरने काय कळणार? पिझो थोडंच मोजता येतं साध्या मीटरवर.

नोझलपुराण
पिझो मोजायचंच नाहीये. मोजायचा तो थर्मिस्टर. जरा सविस्तर लिहितो, कारण हा ५४ चा आकडा फार बोलका आहे.

हेडमधला तापमानाचा सेन्सर बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापला की त्याचा रोध कमी होतो. १० किलोओहमचा असेल तर २५ अंशाला १० किलोओहम आणि ४५ अंशाला त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. बोर्डाला तापमान दिसत नाही, रोध दिसतो. तो कमी दिसला की बोर्ड म्हणणार हेड तापलं. आता केबलची पिन सैल झाली तर वाट तुटते, रोध प्रचंड दिसतो, आणि स्क्रीनवर शून्याखालचं किंवा असंच अचाट थंड तापमान येतं. याच्या उलट, दोन पिनांमध्ये काही ओलं किंवा घाण बसली तर करंटला दुसरी वाट मिळते, एकूण रोध कमी होतो, आणि गार हेड गरम दिसतं. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. रात्रभर बंद असलेलं हेड चालू केल्याक्षणी ५४ ला पोचणं शक्यच नाही. हेड तापत नाहीये, तापल्याचा भास होतोय.

पुढचं बघा. बोर्डाला वाटतंय ५४, सेटिंग ४५. मग तो हीटर लावेलच कशाला? म्हणजे हेड २ कदाचित बरेच दिवस गरमच होत नाहीये. यूव्ही शाई गार असताना घट्ट असते. हेडमधून नीट उडायला ती साधारण १० ते १२ मिलिपास्कल-सेकंद इतकी पातळ व्हावी लागते, आणि तेवढ्यासाठीच तो हीटर असतो. पिवळा फिका आणि दाणेदार येतोय त्याचं उत्तर इथेच आहे, थेंब लहान पडताहेत. काम सुरू झाल्यावर लॅम्पने आणि मोटरने कॅरेज जरा तापतं, हेडचं तापमानही चढतं, खोटा आकडा ५४ वरून ६० पार जातो आणि एरर. रिसेट केल्यावर चालतं, कारण तेवढ्यात ते थोडं गार होतं.

आता तपासणी. मेन स्विच बंद करून प्लग काढा, बोर्डवरचे कपॅसिटर उतरायला थोडा वेळ द्या, हाताला अर्थिंगचा पट्टा बांधा. हेड २ ची एफएफसी (चपटी केबल) बोर्डाकडून काढा, हेडकडे तशीच राहू द्या. तुमच्या हेडचा पिनआउट (कुठली पिन कशाची याचा तक्ता) हाताशी असेल तरच पुढे जा, अंदाजाने भलत्या पिनांवर टोकं टेकवू नका. थर्मिस्टरच्या दोन पिनांवर रोध मोजा. मग केबल हेडकडूनही काढून नुसतं हेड मोजा, आणि नुसती केबलही. तुलनेसाठी हेड १ मोजून ठेवा. आकडे टाका इथे.

काळ्याच्या गॅपचं कारण मला वाटतं वेगळं आहे, पण त्यावर नंतर.

आरशावरछपाई
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे मिरर ॲक्रिलिकचं काम झाल्यावर नोझल जातात आणि त्या पर्जने येतच नाहीत. हेच असेल का?

कॅपिंगस्टेशन
नाही, तुमचं वेगळं. आरसा, पॉलिश केलेलं स्टील, काच अशा चकचकीत पृष्ठभागावरून लॅम्पचा उजेड परतून नोझल प्लेटवर पडतो आणि तोंडावरची शाई तिथेच क्युअर होते. एकदा क्युअर झालेली यूव्ही शाई फ्लशमध्ये विरघळत नाही, फार तर थोडी फुगते. म्हणून वेळ दवडू नका. मऊ न झडणारा स्वॅब फ्लशमध्ये भिजवून प्लेटला नुसता टेकवून ठेवा, घासू नका. काही नोझल येतील, काही कायमच्या गेल्या समजा.

पुढच्या वेळी हेड आणि शीटमधलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा, साधारण दीड-दोन मिलिमीटर. अंतर वाढलं की परतणाऱ्या उजेडाला वाट मिळते. लॅम्पची पॉवर क्युअरिंगला पुरेल इतकीच. शीट बेडपेक्षा लहान असेल तर उघडा पडलेला चकचकीत बेडही झाका, तोही आरशाचंच काम करतो. आणि लांब कामात अधूनमधून कॅरेज थांबवून प्लेट पुसायची सवय ठेवा.

ओळखायची खूण म्हणजे तुमच्या गॅप दर वेळी त्याच जागी असतील, बहुधा लॅम्पच्या बाजूच्या रांगांत जास्त.

आरशावरछपाई
अगदी त्याच जागी, आणि लॅम्पच्याच बाजूला. धन्यवाद. वेगळा धागा काढतो.

बेडवाला
आकडे आले. खोली २७ अंश.

हेड १, केबलसकट: ९.२ किलोओहम.
हेड २, केबलसकट: ३.६.
हेड २ नुसतं: ९.२.
हेड २ ची केबल नुसती, दोन्ही टोकं मोकळी, त्याच दोन तारांमध्ये: ६ च्या आसपास. काहीच दाखवायला नको होतं ना?

नोझलपुराण
काहीच नको होतं. ९.२ च्या जोडीला ६ ची चोरवाट लावली की ३.६ येतो, आणि ३.६ म्हणजे बोर्डाच्या हिशेबात ५४ अंश. गणित चोख बसलं. तुमच्या हेडचा थर्मिस्टर ठणठणीत आहे.

केबलचं हेडकडचं टोक भिंगाखाली बघा.

बेडवाला
पाहिलं. टोकाला ती निळी कडक पट्टी असते ना, तिच्या काठाने काळा ओघळ आत गेलाय. वरून पुसलं तर स्वच्छ दिसतं, पण उजेडासमोर धरलं की तारांच्या मधल्या पारदर्शक भागात शाई दोऱ्यासारखी चढलेली दिसते. दोन तारांची टोकं काळवंडलीत, त्यातली एक थर्मिस्टरची. हेडच्या कनेक्टरमध्येही एका कोपऱ्यात चिकट काळं आहे.

रोलटूरोल
बापरे. म्हणजे हेड वाचलं!

वेव्हफॉर्म
आणि मी तीच केबल हेड १ च्या पोर्टला लावायला सांगत होतो. घाण अजून चार पिना पुढे सरकून पिझोच्या लाइनवर पोचली असती तर आपल्याला कुणाला कळलंही नसतं. कॅपिंगस्टेशन, मानलं.

कॅपिंगस्टेशन
केबल साफ करून परत लावायचा मोह टाळा. वरची शाई निघते, थरांच्या आत चढलेली निघत नाही, आणि ओल पकडली की पुन्हा वाट तयार होते. नवीनच घाला, तितक्याच पिनांची, त्याच पिचची (पिनांमधल्या अंतराची), त्याच लांबीची. टोकांचे संपर्क एकाच बाजूला आहेत की उलट बाजूंना, हे जुनीशी ताडून बघा. उलटी बसली तर हेड आणि बोर्ड दोन्ही धोक्यात. बसवताना सरळ जाऊ द्या; एका पिनेइतकी तिरकी गेली तरी तेच.

हेडच्या कनेक्टरला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक स्वॅब चालेल. पण फक्त कनेक्टरला. नोझल प्लेटला किंवा शाईच्या वाटेत ते जाता कामा नये, तिथे शाईच्या कंपनीचा यूव्ही फ्लशच. कनेक्टर पूर्ण सुकेपर्यंत करंट देऊ नका.

ओरिंग
गप्प वाचत होतो, पण खरा प्रश्न अजून कुणी विचारला नाही. केबल बदलाल, पण हेडच्या डोक्यावर शाई आली कुठून? नोझल तर खाली असतात.

बेडवाला, काळ्याच्या ट्यूबचं हेडवरचं फिटिंग बघा. पर्ज मारताना बघा, नुसतं नाही. केबल काढलेलीच असू द्या आणि फिटिंगच्या बुडाशी पांढरा टिशू गुंडाळा.

बेडवाला
निगेटिव्ह प्रेशरचं गेज तर एकदम स्थिर आहे, उणे ४ किलोपास्कलवर. गळती असती तर ते हललं नसतं का?

ओरिंग
ते गेज सबटँकमधल्या (हेडच्या वरच्या छोट्या टाकीतल्या) शाईच्या वरची हवा मोजतं. फिटिंग त्याच्या खाली, शाईच्या वाटेत आहे. तिथून जाणारी हवा इतकी किरकोळ असते की पंप ती सहज भरून काढतो, काटा जागचा हलत नाही.

हिशेब असा. सबटँक हेडच्या वर ३० सेंटिमीटर असेल तर तेवढ्या शाईच्या स्तंभाचं वजन साधारण ३ किलोपास्कल. वरून उणे ४ खेचलं की नोझलशी उणे १ च्या आसपास उरतं. नोझलवर शाई ना टपकत ना आत ओढली जात, ती या जेमतेम उणेपणामुळे. हेडच्या डोक्यावरचं फिटिंगही म्हणजे उणे दाबातच. तिथे बारीक चीर असेल तर प्रिंट चालू असताना शाई बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. बुडबुडे हेडमध्ये उतरतात, आज या नोझलपाशी, उद्या त्या. तुमचे जागा बदलणारे झुबके तेच.

आणि पर्ज मारला की दाब उलटतो, अधिक होतो. बुडबुडे नोझलमधून बाहेर पडतात, पट्टी भरून येते, आपल्याला वाटतं जमलं. त्याच वेळी त्याच चिरेतून थोडी शाई वर बाहेर येते आणि हेडच्या अंगावरून केबलकडे उतरते. म्हणजे काळा भरून काढायला जितके पर्ज मारले जातात, तितका टेम्परेचरचा एरर बळावतो. दोन तक्रारी, पण मूळ एकच.

नोझलपुराण
ओरिंग, टाळ्या. काळ्याचं कारण वेगळं असेल असं मी म्हणालो होतो, ते तसं नाही, एकच निघालं.

यावरून नोझल चेक कसा वाचावा हेही लिहून टाकतो, धागा शोधत येणाऱ्यांसाठी. गॅप फिरत्या असतील तर हवा नाहीतर उपासमार. सुरुवातीची पट्टी पूर्ण आणि मोठं सॉलिड छापताना रंग विरत गेला तर फिल्टर चोंदलाय, डॅम्पर (हेडआधीचा शाईचा छोटा कप्पा) थकलाय किंवा उणे दाब जास्त झालाय. अख्खी रांग एकदम गेली तर शाईकडे बघूच नका; केबल, कनेक्टर, ड्रायव्हर या क्रमाने जा. ठरावीक अंतरावर एकेक नोझल गायब असेल तरी डेटाच्या लाइनवर संशय घ्या. रेघा आहेत पण वाकड्या जाताहेत, तर प्लेटवर काहीतरी चिकटलंय किंवा शीट हेडला घासून गेलीय. नोझल चेक निर्दोष आणि कामात मात्र पट्टे, तर एन्कोडरची (कॅरेजची जागा मोजणारी) पट्टी पुसून बघा. तिच्यावर शाईचे बारीक तुषार बसतात आणि लोक हेडला दोष देत बसतात.

पांढरापण
आमचा पांढरा रोज सकाळी फिरत्या गॅप दाखवतो. फिटिंग बघू?

नोझलपुराण
बघा, पण आधी सर्क्युलेशन (शाई फिरवत ठेवणं) रात्री चालू राहतं का ते पाहा. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते शाईच्या मानाने खूप जड, हललं नाही की तळाशी बसतं आणि सकाळी फिल्टर आणि हेड ते गिळत बसतात. बाटलीसुद्धा भरण्याआधी हलवून घ्या.

बेडवाला
टिशू गुंडाळून पर्ज मारला. काळ्याच्या फिटिंगच्या बुडाशी टिशूवर लगेच काळी कड उमटली. पिवळ्याचा टिशू कोरडा. फिटिंग काढलं तर आतली ओ-रिंग फुगून चपटी झालेली, नखाने दाबली तर खूण तशीच राहते. प्लास्टिकच्या कडेलाही केसाएवढी चीर आहे.

ओरिंग
कधीतरी साधी रबरी रिंग घातली गेलेली दिसतेय. यूव्ही शाईतले मोनोमर साध्या रबराला फुगवतात, मग ते सील धरत नाही. यूव्हीला चालणाऱ्या मटेरियलचीच रिंग मागवा आणि सगळ्याच फिटिंगच्या एकदम बदला. ट्यूबचं टोक ताठ झालं असेल तर तेवढं कापून ताज्या भागावर बसवा. फिटिंग हातानेच आवळा. पाना लावला की पुढची चीर तुमच्या हातची.

नवीन ट्यूब घेतलीत तर काळीच घ्या. पारदर्शक ट्यूबमध्ये खिडकीचा उजेड जातो आणि शाई आतल्या आत घट्ट होऊ लागते.

वेव्हफॉर्म
ज्यांना खरंच हेड बदलायची वेळ येईल त्यांच्यासाठी एक. नवीन हेडच्या लेबलवर व्होल्टेजचा आकडा असतो, प्रत्येक हेडचा निराळा. तो सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. जुनाच राहू दिला तर थेंब एकतर अशक्त पडतात नाहीतर शिंतोडे उडतात, आणि नव्या कोऱ्या हेडला लोक खराब म्हणतात.

बेडवाला
सगळं बसवलं. नवीन केबल, सगळ्या ओ-रिंगा, काळ्याचं नवं फिटिंग. कनेक्टर साफ करून रात्रभर सुकू दिला.

सकाळी थंड चालू केलं: २६, २६, २६. हीटर लागला, तिन्ही ४५ ला जाऊन थांबली. काळ्याची पट्टी पूर्ण. मुद्दाम सॉलिड काळ्याची आख्खी शीट छापली, लगेच परत नोझल चेक घेतला, तरी पूर्ण. एरर नाही. पिवळा एवढा गडद आला की जुनी प्रोफाइल (रंगांची सेटिंग) चालेना, रंग नव्याने जुळवतोय. इतके दिवस गार हेडच्या फिक्या पिवळ्यावर प्रोफाइल बनवलेली होती हे आता कळतंय.

एकच राहिलं. पिवळ्यात दोन नोझल अजून नाहीत, दर वेळी त्याच जागी. पर्जचा परिणाम नाही.

कॅपिंगस्टेशन
त्या बसलेल्या आहेत. रात्री कॅपिंगमध्ये (हेड झाकणाऱ्या कपात) फ्लश भरून हेड त्यावर टेकवून ठेवा, सकाळी हलका पर्ज. नाही आल्या तर सॉफ्टवेअरमध्ये नोझल कॉम्पेन्सेशन लावून शेजारच्या नोझलकडून भरून घ्या. पिवळ्यातल्या दोन नोझल डोळ्याला दिसत नाहीत. त्यांच्यापायी सिरिंजने जोर लावून आत दाब देऊ नका.

बेडवाला
फ्लशवर ठेवलंय. सर्व्हिसवाल्यांचा फोन आला होता, हेडची ऑर्डर पक्की करू का म्हणून. त्यांना ३.६ आणि ९.२ चे आकडे आणि केबलचा फोटो पाठवला आहे.